घाटावरच्या माणसाने समुद्रात उतरायचं तर: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी स्नॉर्केलिंग आणि स्कूबा

आमच्या भागात पोहायला शिकवतात ते विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा, काकाने काठावरून ढकलायचं, दोन-चार घोट पाणी पोटात जायचं आणि पंधरा दिवसांत पोरगं सूर मारायला लागायचं. त्यापुढची पायरी म्हणजे श्वास रोखून तळ गाठायचा आणि मूठभर गाळ वर आणून सगळ्यांना दाखवायचा. मीही कंग्राळीच्या एका विहिरीत असाच शिकलो.

पुढे मालवणात पहिल्यांदा स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरलो. चार-पाच मीटरवर एक भलामोठा मासा अचानक समोर आला आणि मी सवयीने श्वास रोखला. प्रशिक्षकाने लगेच माझ्या छातीवर बोट टेकवलं आणि हात पुढे-मागे हलवून ‘घे, सोड, घे, सोड’ अशी खूण केली. वर आल्यावर म्हणाला, “श्वास धरून ऱ्हवू नकात, ही बाव न्हय.” विहिरीत जी सवय अभिमानाची, तीच टाकी लावल्यावर घातक ठरते. कारण पुढे सांगतो.

घाटावर राहणाऱ्यांची दुसरी अडचण परतीच्या रस्त्याची. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. डुबकी मारून त्याच संध्याकाळी घाट चढणं आणि डुबकी मारून विमानात बसणं, शरीराच्या दृष्टीने ही एकाच जातीची गोष्ट आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक माहितीपत्रकांत विमानाचा उल्लेख असतो, घाटाचा नसतो. म्हणून हा लेख मुद्दाम आपल्या बाजूच्या लोकांसाठी लिहितो आहे. यातलं एकच पाळायचं असेल तर हे पाळा: स्कूबासाठी जाऊन-येऊन एका दिवसाची सहल आखू नका. एक रात्र खालीच मुक्काम करा.

कुठे जायचं

आपल्याला तीन ठिकाणं सोयीची आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी डोळे झाकून मालवण सांगतो. बेळगावहून हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ असं गेलं की चार-साडेचार तासांत मालवण येतं. निपाणीकरांना राधानगरी-दाजीपूरवरून फोंडाघाट उतरून कणकवलीला निघणं सोपं. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात बांधून घेतला, त्या बेटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ साली या भागाला मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं गेलं. पाणी उथळ, नवख्यांना नेतात ती जागा साधारण पाच ते आठ मीटर खोल. आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सूचना मराठीत मिळतात. पाण्याखाली बोलता येत नाही, त्यामुळे वर होडीत जे सांगितलं जातं ते शब्दन् शब्द कळलं पाहिजे. गडबडीत इंग्रजी किंवा हिंदीतून ऐकलेलं ऐन वेळी आठवत नाही, हे मी घरच्याच माणसांच्या बाबतीत पाहिलं आहे. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खोल तलाव असल्याने पाण्याची भीती असलेल्यांना आधी त्यात सराव करता येतो.

पाणी किती स्वच्छ, याची अपेक्षा मात्र माफक ठेवा. मालवणात चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं. अंदमानचे फोटो मनात ठेवून गेलात तर निराश व्हाल. गढूळ असलं तरी पाणी जिवंत आहे, आणि जवळून पाहायला शिकलात तर पाच मीटर भरपूर होतात.

दुसरं ठिकाण नेत्राणी. उत्तर कन्नड जिल्ह्यात भटकळ तालुक्यातलं हे बेट मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. हळियाळ, यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ धरून मुरुडेश्वर गाठायचं. सहा तास हाताशी ठेवा. तिथून होडीने तास-दीड तास. किनाऱ्यापासून लांब असल्यामुळे पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ आणि मासे मोठे. बेटाच्या कड्यांवर पांढऱ्या पोटाचे समुद्री गरुड घरटी करतात, तेही होडीतून दिसतात. बेटावर उतरू देत नाहीत. पाणी खोल आहे, होडी हलते, आणि उलट्या होणाऱ्याला तीन तासांची ये-जा नकोशी होते. म्हणून मी नेत्राणी दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवायला सांगतो.

तिसरं गोवा, वास्कोच्या बाजूचं ग्रँड बेट. चोर्ला किंवा अनमोड घाटाने आपल्याला हे सर्वांत जवळ. बुडालेल्या जहाजांचे अवशेष पाहायचे असतील तर इथे या. मात्र एका होडीत खूप माणसं भरून ‘स्कूबा, जेवण, डॉल्फिन’ असं एकत्र विकणाऱ्यांपासून सावध राहा. त्यात पाण्याखालचा वेळ फार थोडा मिळतो.

एक घोटाळा टाळा. देवबाग नावाची दोन ठिकाणं आहेत. एक तारकर्लीच्या पुढे, कर्ली नदीच्या मुखाशी. दुसरं कारवारला, काळी नदीच्या मुखाशी. खोली आरक्षित करताना जिल्हा वाचा. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब मालवणची डुबकी ठरवून कारवारच्या देवबागची खोली घेऊन बसलं होतं.

कधी जायचं: दिनदर्शिका भिंतीवरून काढा

जून ते सप्टेंबर समुद्र बंद. ऑक्टोबरमध्ये होड्या सुरू होतात, पण घाई करू नका. खानापूर आणि जोयड्याच्या जंगलात पडलेला पाऊस म्हादई आणि काळीतून याच समुद्रात उतरतो, सोबत माती घेऊन. गाळ खाली बसायला नोव्हेंबर उजाडतो. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्चनंतर दुपारचा वारा वाढतो, तेव्हा सकाळची पहिली होडीच घ्यावी. मे महिन्यात सुट्टीची गर्दी असते आणि पाणीही कमी स्वच्छ.

महिना ठरला की तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोनदा, शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशेब. गावागावांत तास-अर्धा तास मागेपुढे होतो, पण आखणीला एवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते. पाणी जोरात आत-बाहेर करतं, तळाची वाळू उठते, प्रवाह ओढतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची हालचाल सर्वांत कमी. या दोन्ही गोष्टी जुळवल्या तर दशमी-एकादशीची सकाळ उत्तम निघते. उधाण ओसरलेलं असतं आणि सकाळी आठच्या सुमारास बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेलं असतं. मी शनिवार-रविवार आधी बघत नाही. दिनदर्शिकेत दशमी कुठे पडते ते बघतो आणि मग रजा टाकतो. शेवटचा शब्द होडीवाल्याचा. तो ‘आज नको’ म्हणाला तर पैसे बुडाले तरी ऐका.

निघण्याआधी शरीराची तपासणी

डायव्हिंग केंद्रात आरोग्याचा एक छापील अर्ज भरून घेतात. बरेच जण तो न वाचता सही करतात. कृपया वाचा. दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार, फिट येणं, कानाच्या पडद्याचं ऑपरेशन, नुकतंच झालेलं कुठलंही ऑपरेशन, यातलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं आणि त्यांची लेखी संमती घ्यायची. गरोदर बाईने स्कूबा करू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही लिहा. खरं लिहिलं तर कदाचित नकार मिळेल, पण खोटं लिहून मिळालेल्या होकाराला काही किंमत नाही.

सर्दीचं वेगळं सांगतो, कारण आमच्याकडे हाच मोठा अडथळा आहे. डायव्हिंगचा हंगाम आणि बेळगावची थंडी एकाच वेळी येतात. डिसेंबरच्या पहाटे नाक चोंदलेलं नाही असं घर शोधावं लागतं. नाक चोंदलं की घसा आणि कान यांना जोडणारी नळी बंद होते आणि पाण्याखाली कानातला दाब सारखा करता येत नाही. गोळी घेऊन नाक तेवढ्यापुरतं मोकळं करणं धोक्याचं, कारण औषधाचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना कान दुखावतो. सर्दी असेल तर त्या दिवशी स्नॉर्केलिंग, म्हणजे वरवर तरंगत खाली बघणं, एवढंच करा, बुडी नको. मी एकदा ‘एवढं काय त्यात’ म्हणून उतरलो आणि पुढचे आठ दिवस डाव्या कानाने नीट ऐकू येत नव्हतं.

पोहता येत नसेल तर? पहिल्या चाचणी डुबकीला पोहणं येण्याची अट नसते. प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. तरीही महिनाभर आधी तलावात जाऊन पाण्यात चेहरा घालून तोंडाने श्वास सोडायचा सराव करा. वयाची अट साधारण १० वर्षं पूर्ण अशी असते.

आदल्या रात्री दारू बंद, झोप पुरेशी. सकाळी तेलकट काही नको. एक केळं, दोन इडल्या पुरे. होडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. होडीत बसल्यावर घेतलेली गोळी उशिराची. पाणी भरपूर प्या. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र खोलीतच ठेवा. अंगाला चिकटून बसणारे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. ऊन आणि खडकाचं खरचटणं दोन्ही वाचतं, आणि अंगाला क्रीम थापून ते पाण्यात सोडावं लागत नाही.

केंद्र कसं निवडायचं

दर विचारण्याआधी हे विचारा. सोबत उतरणाऱ्याकडे प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आहे का, आणि कुठल्या संस्थेचं? एका प्रशिक्षकामागे किती नवखे? मी एकाला एक याखेरीज मान्य करत नाही. होडीवर प्राणवायूची वेगळी टाकी आणि प्रथमोपचार पेटी आहे का? उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव किती मिनिटं? प्रत्यक्ष पाण्याखाली किती वेळ? टाकीच्या गळ्याशी दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते, ती दाखवायला सांगा. आणि रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीची हवा तोंडात देणाऱ्या साधनातून, दोन श्वास घेऊन बघा. तेलाचा किंवा धुराचा वास आला तर ती टाकी नको.

अशा प्रश्नांवर चिडणारा माणूस असेल तर तिथून उठा. एका ठिकाणी मला ‘सगळे उतरतात, तुम्हालाच शंका’ असं ऐकवलं गेलं. मी पैसे न देता बाहेर पडलो आणि चार घरं पुढे फार चांगली माणसं भेटली.

स्नॉर्केलिंग: आधी हेच करा

स्कूबाच्या आधी स्नॉर्केलिंग करावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पाण्यावर तरंगत खाली बघता, तोंडातल्या नळीने हवा घेता. एकदा तोंडाने श्वास घेण्याची सवय झाली की स्कूबातली निम्मी भीती जाते.

मास्क निवडणं इथे सर्वांत महत्त्वाचं. पट्टा डोक्यावर न चढवता मास्क चेहऱ्याला लावा आणि नाकाने हलकी हवा ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर. खाली केस अडकलेला नको. जाड मिशीतून पाणी झिरपतं; मिशीवर थोडं व्हॅसलीन लावलं की कमी होतं. पट्टा करकचून आवळू नका, घट्ट मास्क उलट जास्त गळतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची. जगभरचे डायव्हर हेच करतात. चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबर मोठा असेल तर नंबरचा मास्क आहे का ते फोनवरच विचारून ठेवा.

नळीचं रबर ओठांच्या आत, दातांनी हलकं धरायचं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त चेहरा घाला आणि एक मिनिट सावकाश श्वास घ्या. मग मुद्दाम नळीत थोडं पाणी जाऊ द्या आणि जोरात ‘थू’ केल्यासारखी एक फुंकर मारून ते बाहेर उडवा. हे पाच वेळा जमलं की पुढे जायचं. पाय लांब ठेवून कमरेपासून हलवा. सायकल मारल्यासारखे गुडघे वाकवले तर जागेवरच दमाल. लाइफ जॅकेट अंगावर असू द्या. पोहता येणाऱ्यानेही.

स्नॉर्केलिंग सोपं दिसतं म्हणून लोक गाफील राहतात. पालथ्या तरंगणाऱ्या माणसाला त्रास होतोय हे लांबून कळत नाही, तो बघतोय असंच वाटतं. म्हणून जोडीनेच उतरा आणि दर दोन मिनिटांनी मान वर करून एकमेकांकडे आणि होडीकडे बघा. खोल बुडी मारण्यासाठी भराभर दहा-वीस मोठे श्वास घेण्याचा प्रकार विहिरीवरची मुलं करतात. तो अजिबात करू नका. त्याने श्वास घ्यावासा वाटण्याची जाणीवच मंदावते आणि पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते.

टाकी लावल्यावर: पहिली डुबकी

टाकीत ‘ऑक्सिजन’ असतो असं सगळे म्हणतात. ते चूक आहे. टाकीत आपण एरवी घेतो तीच हवा, म्हणजे सुमारे २१ टक्के प्राणवायू आणि बाकी बहुतेक नायट्रोजन, गाळून आणि दाबून भरलेली असते. पुढचं सगळं गणित याच नायट्रोजनचं आणि दाबाचं आहे.

समुद्रसपाटीवर आपल्यावर हवेचा एक पट दाब असतो. दर १० मीटर खोलीला आणखी एक पट वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, त्यामुळे वरून नेलेला फुगा तिथे निम्मा होतो. आता उलट विचार करा. १० मीटरवर टाकीतून पूर्ण छाती भरून हवा घेतली, श्वास रोखला आणि वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागेल. फुप्फुसाला तेवढी जागा नसते, ते फाटू शकतं. विहिरीत हा धोका नसतो, कारण तिथे हवा वरूनच घेतलेली असते. खाली आक्रसते, वर आली की पूर्ववत होते. टाकीची हवा खाली घेतलेली असते. म्हणून नियम एकच, आणि अगदी दीड-दोन मीटर पाण्यातही तोच: श्वास कधीही रोखायचा नाही.

उतरण्यापूर्वी खुणा पाठ करा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल म्हणजे ‘ठीक आहे’. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’; छान म्हणून अंगठा दाखवलात तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाईल. पंजा आडवा धरून डुलवला तर ‘काहीतरी बिघडलंय’, आणि मग जिथे त्रास आहे तिथे बोट. गळ्यावरून आडवा हात म्हणजे ‘हवा संपली’.

उथळ पाण्यात तीन गोष्टींचा सराव झाल्याशिवाय खाली जाऊ नका. रेग्युलेटर तोंडातून काढून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, परत घालायचा आणि जोरात उच्छ्वास करून आतलं पाणी बाहेर फेकायचं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर वरची कड कपाळावर दाबून, मान किंचित वर करून नाकाने हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. तिसरं कानाचं. नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं, कानात बारीक ‘टक’ होतं. खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला, कान दुखण्याच्या आधी हे करायचं. दुखायला लागल्यावर फुंकून उपयोग नाही. खूण करायची, मीटरभर वर यायचं, कान मोकळा करायचा, मग परत खाली. पायांकडून खाली गेलं तर कान लवकर मोकळे होतात. प्रशिक्षकाला घाई असली तरी तुम्ही करू नका.

तळाजवळ गेल्यावर पहिली दोन मिनिटं काहीही बघायचं नाही, फक्त आपल्या बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दिसतात आणि जवळ वाटतात, त्यामुळे पहिला मोठा मासा अंगावर आल्यासारखा वाटेल. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरून जातो. बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. आवाज सगळ्या बाजूंनी आल्यासारखा वाटतो.

वर येताना आपल्या सगळ्यात लहान बुडबुड्यांपेक्षा हळू. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको. रीतसर कोर्स केलेल्या डायव्हरना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबण्याची शिस्त शिकवतात.

ज्याला हे आवडलं त्याने पुढे ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला रीतसर कोर्स करावा. तीन-चार दिवस लागतात, समुद्रात चार डुबक्या असतात, २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. मग जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. विहिरीत तासन् तास काढलेल्या आपल्या मुलांना पोहण्याची ही अट सहज जमेल.

कोण कोण भेटतं

मालवणच्या खडकांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे घोळक्याने भेटतात. फुलपाखरू मासे बहुधा जोडीने फिरतात. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडतो. शांत राहिलात तर त्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येतो. गोबरा कपारीत तोंड बाहेर काढून बसलेला असतो. बाजारात बर्फावर पाहिलेली तांबोशी इथे जिवंत, थव्यात दिसते, आणि तिचा रंग ओळखू येत नाही. कपारीतून मिशा बाहेर दिसल्या तर ती शेवंड, म्हणजे लॉबस्टर. नेत्राणीला मोठे थवे, सापासारखा लांब मोरे ईल मासा, नशीब असेल तर कासव. लायनफिशचे काटे विषारी, दुरूनच बघायचा. वाळूत पाकट हा चपटा मासा अर्धा गाडून घेऊन पडलेला असतो. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला, म्हणजे तो आधीच निघून जातो. शेपटीचा काटा लागलाच तर जखम सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून डॉक्टर गाठा.

प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण ते दगड नव्हे. बारीक जिवांची ती वसाहत आहे आणि ती वाढायला फार वर्षं लागतात. त्यावर एक पाय ठेवला की त्या जागेचे जीव मेले. मी मालवणात लोकांना प्रवाळावर उभं राहून फोटो काढून घेताना पाहिलं आहे आणि अजून ते डोळ्यांसमोरून जात नाही. हात छातीशी बांधा, फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) तळाला लागू देऊ नका. माशांना पाव-बिस्किट घालून गोळा करणाऱ्याला नम्रपणे ‘नको’ म्हणा. प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा, समुद्री पंखा घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो किनाऱ्यावर विकत मिळालेला का असेना.

परतीचा घाट

आता टाकीच्या हवेतल्या नायट्रोजनकडे येऊ. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो, त्याला तास लागतात. तो निघण्याआधी बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसे शरीरात बुडबुडे धरू शकतात. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, चक्कर येते, आणि वाढलं तर हातपाय लुळे पडू शकतात.

डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या विमानप्रवासाच्या सूचना सुमारे ६०० मीटर, म्हणजे २,००० फुटांच्या वरच्या उंचीला लागू होतात. एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डुबक्या किंवा सलग दिवस डुबक्या झाल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, बेळगाव ७५०. दोन्ही त्या रेषेच्या वर. कोर्सच्या वेळी मी सहज म्हणालो, ‘दुपारची डुबकी झाली की निघतो, रात्री घरी.’ प्रशिक्षकाने विचारलं, ‘घर किती उंचावर?’ तोवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

पाच-सहा मीटरवरच्या वीस मिनिटांच्या चाचणी डुबकीत साठणारा नायट्रोजन थोडा असतो, त्यामुळे फार घाबरून जायचं कारण नाही. पण नेत्राणीला दोन डुबक्या मारून त्याच संध्याकाळी अरबैल घाट चढणारे लोक मला माहीत आहेत, आणि तो हिशेब वेगळा आहे. म्हणून सहल अशी आखा. शुक्रवारी दुपारी निघून रात्री मालवण. शनिवारी सकाळी आठला पाण्यात, अकराला बाहेर. दुपारी झोप, संध्याकाळी तारकर्लीचा किनारा. रात्री जेवणात सोलकढी, दारू नको. रविवारी नाश्ता करून दहाला निघालात की आंबोलीला पोचेपर्यंत चोवीस तास होऊन गेलेले असतात. फक्त स्नॉर्केलिंग केलं असेल तर हे बंधन नाही, त्याच दिवशी परत या.

डुबकीनंतर चोवीस तासांत वर सांगितलेलं काही जाणवलं तर ‘टाकी उचलल्याने खांदा धरला’ म्हणून सोडून देऊ नका. माणसाला आडवं झोपवा, होडीवरचा शुद्ध प्राणवायू द्या, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की हा स्कूबा करून आलाय. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. घाट चढून बेळगावच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेण्याचा मोह होतो. तो टाळा, खालच्याच रुग्णालयात न्या.

घरी आल्यावर कानात पाणी राहिल्यासारखं वाटलं तर काडी घालू नका, एका कुशीवर पडून ते आपोआप निघू द्या. आणि त्याच रात्री वहीत चार ओळी लिहून ठेवा: तारीख, तिथी, किती मीटर, किती मिनिटं, काय दिसलं. माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, ‘एकादशी, सहा मीटर, अठरा मिनिटं, एक गोबरा, श्वास दोनदा रोखला.’